पाठ

लाल दिवा तीन दिवस मिणमिणत होता.
चेंबूरच्या उतारावर विझायचा,
गिअर बदलला की पुन्हा डोळा मारायचा.
काल रात्री शिवडीला हेडलाइट पिवळे पडले, मग तांबूस.
हॉर्न दिला तर कुणी म्हातारा खाकरल्यासारखा आवाज.
बाराशे दहाला धक्का मारायला चार हमाल लागले
आणि चौघांना चहा.

पूर्वी अशा वेळी पुरळकर होता.
वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलात, संडासाच्या भिंतीला लागून टपरी.
पाटीवर ‘डायनॅमो, सेल्फ, वायरिंग’,
त्यातलं ‘सेल्फ’ धुऊन गेलेलं.

त्याची एक खोड होती.
अल्टरनेटर खोलून दगडावर ठेवला
की तो आपल्याकडे पाठ करून बसायचा.
वाकून बघायला जावं, तर तेवढाच वळायचा,
सूर्यफुलासारखा, फक्त उलटा.
‘बघून काय करणार? चहा सांग.’

अकरा वर्षं मी ती पाठ बघितली.
बनियनची तीन भोकं. मणक्यावरून उतरणारा घाम.
उजवं कोपर दोनदा पुढे,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग दोन्ही खांदे एकदम खाली:
झालं काम.
आणि कानामागे सदैव उदबत्तीची जळून उरलेली काडी.
आम्ही म्हणायचो, भाविक माणूस.

मोतीबिंदूने की कशाने, गावी गेला.
फोन लावला तर सून उचलते,
म्हणते, झोपलेत.

म्हणून आज रविवारी मीच.
आधी बॅटरीची निगेटिव्ह. (हा धडा अंगठ्यावर लिहिलेला आहे.)
तारांना वैजूच्या नेलपॉलिशचे ठिपके: एक, दोन, तीन.
पट्टा सैल केला, तेरा नंबरचा पाना,
एक बोल्ट शिव्या घातल्याशिवाय हलेना.
कवच उघडलं तर आत काळी पूड,
तळोजा-दारूखाना, दारूखाना-तळोजा,
एवढी सगळी ये-जा
चिमटीत मावली.

ब्रश कसले, नखाएवढे उरलेले खडू.
एक तर तिरका झिजलेला,
माझ्या डाव्या चपलेच्या टाचेसारखा.
कड्या काळवंडलेल्या. शून्य नंबरच्या पेपरने हळूहळू घासल्या,
तांबं वर आलं, चिंचेने उजळल्यासारखं.
तांबं टिकावं म्हणून कार्बन मऊ ठेवलाय,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
बोटांना कळलं.

नवी जोडी कुर्ल्याची, साठ रुपये.
आणि इथे अडलं.
एक दाबला की दुसरा उडतो,
दुसरा धरला की स्प्रिंग.
स्प्रिंग गटाराच्या जाळीवर जाऊन बसली, नशीब आत नाही.
तासभर हेच.
वरून मोनोरेल गेली, रिकामी, सगळे दिवे लावून.
तिचंही बरं चाललेलं दिसलं.

मग कवचाच्या मागे एक भोक दिसलं.
बारीक. पाणी जाईल म्हणावं तर चुकीच्या जागी,
स्क्रू म्हणावा तर आटे नाहीत.
समोर पानवाला जगेश्वर फळीवरच्या फोटोला उदबत्ती लावत होता.
कालच्या विझलेल्या काड्या त्याने रस्त्यावर टाकल्या.

एक उचलली.
ब्रश दोन्ही दाबून धरले, काडी भोकातून आरपार,
बसले गुमान, दाराआड लपलेल्या पोरांसारखे.
कवच मिटलं, बोल्ट आवळले,
आणि बाहेरून काडी ओढली.

टक.

माझे खांदे आपोआप खाली आले.
अरे पुरळकर.
अरे भाविक माणसा.

काडी कानामागे खोवली.
तोच मागून आमचा क्लीनर, विसू, म्हणाला,
‘काय केलं, दाखवा ना.’
तेव्हा कळलं, मघापासून
मी त्याच्याकडे पाठ करून बसलोय.
‘चहा सांग’ ओठांवर आलेलंच होतं.

सांगितलाच.
दोन, म्हटलं. आणि घेऊन आलास
की इकडे बस, या बाजूला, उजेडात.
बोल्ट पुन्हा सैल करायला घेतले.

दिवा विझतो का,
ते अजून बघायचंय.